पंचनाम्यात आपली वस्ती कुठे आहे?

सीना नदीचा पूर ओसरून महिना उलटून गेला. दिवाळी झाली, साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, वाहिन्यांचे कॅमेरे केव्हाच दुसरीकडे गेले. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या नदीकाठच्या बौद्ध वस्त्यांमध्ये मात्र अजून एकच विषय आहे: यादीत नाव आले का? आम्ही काही कार्यकर्ते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून या भागात जा-ये करत आहोत. सुरुवातीला धान्य आणि चादरी घेऊन गेलो, नंतर अर्जांचे कागद घेऊन. या नंतरच्या फेऱ्यांमध्ये जे दिसले, त्याबद्दल हे लिहीत आहोत.

आधी पुराबद्दल थोडे. करमाळा, माढा, मोहोळ, परंडा, भूम हे सगळे दुष्काळी तालुके. इथल्या माणसाला टँकरची वेळ पाठ असते, चारा छावणीचे नियम माहीत असतात. नदी अंगणात आली तर काय करायचे हे माहीत नसते. सीना तशी वर्षातले कित्येक महिने कोरडीच. अहिल्यानगरकडून येणारी ही नदी धाराशिव आणि सोलापूरच्या हद्दीवरून वाहत दक्षिण सोलापुरात कुडलजवळ भीमेला मिळते. तिच्या काठापर्यंत ऊस आला, ओढे बुजवून रस्ते झाले, ओढ्यांच्या कडेला घरे झाली. यंदा २० सप्टेंबरनंतर वरच्या भागात धो धो पाऊस झाला. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांतून पाणी सोडावे लागले आणि २२-२३ सप्टेंबरला नदीने पात्र सोडले. परंडा तालुक्यात माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. लांबोटीजवळ पाणी आल्याने सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला. पाणी एकदा ओसरले, लोक घरी परतले आणि चार दिवसांत पुन्हा चढले, असेही काही गावांत झाले.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. २९ जिल्हे, २५३ तालुके, सुमारे ६८ लाख हेक्टरवरचे पीक. कोरडवाहू शेतीला हेक्टरी १८ हजार ५००, हंगामी बागायतीला २७ हजार, बागायतीला ३२ हजार ५०० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंतचे काम. शेतकऱ्याला मिळणारा यातला प्रत्येक रुपया त्याच्या हक्काचा आहे, तो अपुरा आहे आणि वेळेवर मिळायला हवा, हे आम्ही आधीच सांगतो. कुणाच्या तोंडचा घास काढून घेण्यासाठी हा लेख नाही.

पण हे आकडे पुन्हा एकदा वाचा. मदतीचे माप हेक्टर आहे. ज्याच्या नावावर हेक्टर नाही, गुंठाही नाही, त्याचे नुकसान कोणत्या मापाने मोजायचे?

सातबारा नसलेल्यांचा पूर

सप्टेंबर-ऑक्टोबर हे आपल्या वस्त्यांसाठी कमाईचे दिवस. उडीद निघतो, सोयाबीनची काढणी सुरू होते, मग कापसाची वेचणी. बायका टोळी करून एकरी उक्ते काम घेतात आणि त्या दीड-दोन महिन्यांत मिळालेल्या पैशावर मुलांचे कपडे, दुकानाची उधारी आणि बचत गटाचे हप्ते भागतात. शेत पाण्यात गेले तेव्हा शेतकऱ्याचे पीक गेले आणि त्याच वेळी काढणीची मजुरीही गेली. पहिल्या नुकसानीसाठी रकाना आहे, दुसऱ्यासाठी नाही. एका वस्तीत एक बाई आम्हाला म्हणाल्या, "रान त्यांचं बुडालं, पोट आमचं बुडालं." पंचनाम्याच्या छापील नमुन्यात हे वाक्य लिहायला जागा नाही.

वाट्याने शेती करणाऱ्यांचे हाल याहून चमत्कारिक आहेत. बियाणे-खताचा निम्मा खर्च वाटेकऱ्याचा, राबणे पूर्ण त्याचे. पण करार तोंडी आणि सातबारा मालकाचा. अनुदान मालकाच्या खात्यावर जमा होते. काही मालकांनी ते आपणहून वाटून घेतले, हेही आम्ही पाहिले आहे. मात्र ते त्यांच्या चांगुलपणावर अवलंबून राहिले.

आणि मग गायरान. मराठवाड्यात गायरानासाठी आपल्या समाजाने काय सोसले हे नव्याने सांगायला नको. १९७८ ते १९९० या काळातली अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, तरी कित्येक कुटुंबांच्या नावावर जमीन अजून चढलेली नाही. तीस-चाळीस वर्षे कसलेल्या जमिनीवरचे पीक वाहून गेले, तरी कागदावर तिथे सरकारी पड आहे. पडीक जमिनीवरच्या पिकाचा पंचनामा कसा होणार? जिथे लोकांनी हट्ट धरून पंचासमोर नोंद करून घेतली, तिथे निदान एक कागद तयार झाला. मदत मिळो न मिळो, ताब्याचा पुरावा म्हणून तो उद्या कामाला येईल. बाकी ठिकाणी हीही संधी गेली.

घरांचा पंचनामा

घराच्या नुकसानीचे निकष केंद्राच्या आपत्ती प्रतिसाद निधीचे आहेत. सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये. अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६ हजार ५००, कच्च्या घराला ४ हजार, तीही पडझड किमान १५ टक्के असेल तर. झोपडीला ८ हजार. कपड्यांसाठी कुटुंबामागे २ हजार ५००, भांडी आणि घरगुती सामानासाठी आणखी २ हजार ५००. म्हणजे "पूर्ण" आणि "अंशतः" या दोन शब्दांमध्ये लाखाच्या वरचा फरक आहे, आणि हा शब्द कोण लिहितो, केव्हा लिहितो, यावर सगळे अवलंबून आहे.

इथे मातीच्या घरांचा स्वभाव समजून घ्यायला हवा. सोलापूर-धाराशिव भागात जुनी घरे माळवदाची किंवा मातीच्या भिंतींवर पत्रे टाकलेली. अशा भिंतीला दोन-तीन दिवस पाणी लागले तर ती लगेच पडत नाही. पाणी पिऊन फुगते, उभी राहते. नंतर ऊन पडले की वाळताना तडे जातात, आणि मग पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या रात्री ती बसते. पंचनामा करणारे पाणी ओसरल्यावर चार-सहा दिवसांत येऊन गेले. त्या दिवशी भिंत उभी होती. नोंद झाली: अंशतः पडझड. ऑक्टोबरच्या मध्यात घर जमीनदोस्त झाले तेव्हा पंचनाम्याचे काम "पूर्ण" झालेले होते. अशी घरे आम्ही एकाच वस्तीत सहा पाहिली. सहाही कुटुंबांना कुणी सांगितले नव्हते की फेरपंचनाम्यासाठी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करता येतो आणि अर्जाची पोच मागता येते.

पाणी किती काळ घरात होते हाही वादाचा मुद्दा असतो. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असण्याची अट शासन निर्णयात आली, तेव्हा राज्यभर टीका झाली होती. पण कपडे-भांड्यांच्या निकषांमध्ये दोन दिवसांची ही भाषा जुनीच आहे. राज्य सरकार वेळोवेळी ती शिथिल करते. शिथिल केली आहे हे वस्तीत कळते का, हा प्रश्न आहे. एका ठिकाणी "तुमच्याकडे एकच रात्र पाणी होतं" असे सांगून वीस-बावीस घरे वगळली होती. एका रात्रीत पीठ-मीठ, गोधड्या, मुलांची दप्तरे, शिलाई मशीन सगळे गेले होते. पाणी त्यानंतर किती तास थांबले याने काय फरक पडतो?

आणि मुळात घर कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ ला आजोबांचे नाव, त्या घरात आता तीन भावांचे तीन संसार. पंचनाम्यात एकच कुटुंब, मदत एकालाच. ज्यांनी ओढ्याच्या कडेला सरकारी जागेत घर बांधले त्यांचे नाव नमुना ८ लाही नाही. रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर व्हायला जागा स्वतःच्या नावावर लागते, ती नाही, म्हणून ते ओढ्याकाठी राहतात. ओढ्याकाठी राहतात म्हणून पुरात बुडतात. आणि बुडाल्यावर अतिक्रमण म्हणून मदतीच्या यादीबाहेर राहतात. हे चक्र निसर्गाने तयार केलेले नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की पाऊस नैसर्गिक असतो, आपत्ती नसते. तेव्हा ते परीक्षेत लिहिण्यापुरते वाक्य होते. आता गावठाणाचा नकाशा घेऊन उभे राहिले की ते डोळ्यांना दिसते. जुने गाव पांढरीच्या उंचवट्यावर. वाडे, देऊळ, चावडी वर. आपली वस्ती गावकुसाबाहेर, उताराला, ओढा जिथे नदीला मिळतो त्या अंगाला. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाईनगर अशी नावे आता लागली. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२० मध्ये घेतला, तेही चांगलेच झाले. वस्तीची जागा मात्र तीच राहिली. पाणी आधी इथे आले आणि शेवटी इथून गेले, यात योगायोग काही नाही.

चार दिवसांचे एक गाव

पुराच्या काळात "जातपात वाहून गेली" अशा बातम्या आणि चित्रफिती भरपूर फिरल्या. त्या खोट्या नव्हत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळे गाव एका छताखाली होते, एकाच मोठ्या पातेल्यात खिचडी शिजत होती. काही गावांत उंचावरचे बुद्धविहार हीच कोरडी जागा होती आणि तिथे सर्व समाजांच्या बाया-मुलांनी रात्री काढल्या. पोहता येणाऱ्या पोरांनी कुणाची म्हातारी आहे हे न विचारता पाठीवर घेतले. याचा आम्हाला अभिमान आहे.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी लोक घरी परतले आणि वाटपाच्या याद्या कोणाच्या ओट्यावर बसून झाल्या ते पाहिले की दुसरे चित्र दिसते. टँकर मुख्य रस्त्यावर उभा राहतो, वस्तीपर्यंतचा रस्ता चिखलाचा म्हणून आत येत नाही. हातपंपाचे पाणी गढूळ. जंतुनाशक पावडर गावभर टाकून झाली, वस्तीसाठी "उद्या". हे सगळे कुणी ठरवून केले असेलच असे नाही. आमच्या मते बहुतेक वेळा कुणी ठरवतही नाही, सवयीने होते. कायदा मात्र याबाबत स्पष्ट आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ६१ मध्ये मदत आणि नुकसानभरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांनी भेदभाव करता येणार नाही असे म्हटले आहे. ॲट्रॉसिटी कायदा आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असतो. हे कलम आम्हाला भेटलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. अर्जात त्याचा उल्लेख केला की टेबलापलीकडच्या माणसाचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

आता थोडे आपल्याबद्दल. यंदा २ ऑक्टोबरला अशोक विजयादशमी होती, पूर नुकताच ओसरत होता. आमच्या ओळखीच्या काही मंडळांनी मिरवणुकीचा आणि डीजेचा खर्च रद्द करून ते पैसे पूरग्रस्तांना दिले. पुणे, मुंबई, सोलापूर शहरातून तरुणांचे टेम्पो आले. तांदूळ, डाळ, तेल, मेणबत्त्या, चादरी, सॅनिटरी पॅड, वह्या. नोकरदारांनी पगारातून पैसे पाठवले, ज्यांच्याकडे पैसे नव्हते ते गाळ उपसायला आले. ज्या समाजाने गेल्या पिढीपर्यंत दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढले, त्याची पुढची पिढी टेम्पो भरून मदत पाठवते आहे, ही साधी गोष्ट नाही.

तरीही काही बोलायला हवे. महामार्गाला लागून असलेल्या गावांत एकाच घराला चार-चार किट मिळाली, आणि आठ किलोमीटर आत असलेल्या वस्तीत एकही नाही, कारण टेम्पोवाल्यांनी निघण्यापूर्वी कुणाला विचारलेच नाही. जुन्या कपड्यांचे ढीग विहाराच्या व्हरांड्यात अजून पडले आहेत. फाटके कपडे दान म्हणून पाठवणाऱ्यांना आमची विनंती आहे की ते पाठवू नका. किट देताना फोटो काढायचा आग्रह तर फारच लागतो. काल स्वतःच्या घरात सन्मानाने जेवणारी माणसे आज रांगेत उभी आहेत, त्यांचा चेहरा आपल्या स्टेटसला कशाला?

सर्वांत गंभीर मुद्दा वेगळा आहे. आपले टेम्पो आपल्याच वस्तीत थांबले. शेजारी मातंग वस्ती होती, नदीच्या अगदी काठाला पारध्यांची पाला होती. पारधी कुटुंबांकडे रेशन कार्ड नाही, आधार नाही, नमुना ८ चा तर प्रश्नच नाही. सरकारच्या यादीत ते नाहीत, गावाच्या यादीत नाहीत, आणि आपल्या यादीतही नसतील तर मग ते कुणाच्या यादीत असणार? काही तरुणांनी हे ओळखून वाटप बदलले. बऱ्याच ठिकाणी ते झाले नाही. "आपल्या माणसांचंच भागत नाही" हे उत्तर आम्ही ऐकले. हेच वाक्य गावाने आपल्याबद्दल किती वर्षे म्हटले ते आठवून पाहावे.

किट संपले, कागद राहिले

किट पंधरा दिवसांत संपते. त्यानंतर कागदाचे काम सुरू होते आणि तिथे माणसे कमी पडतात. आपल्या घरांमध्ये एक पत्र्याची पेटी असते. तिच्यात जातीचा दाखला, जात पडताळणीचे पत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक. त्या पेटीत पाणी शिरले. इतरांसाठी तो दाखला पुन्हा काढण्याचा त्रास असेल. आपल्या मुलामुलींसाठी तो शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि प्रवेशाचा दरवाजा आहे. १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आजोबांचा शाळेतला उतारा एकदा लगदा झाला की पुन्हा मिळवायला किती चपला झिजतात, हे ज्यांनी पडताळणीची फाइल केली आहे त्यांना विचारा. वाळवून ठेवलेले असे लगदे आम्ही हातात घेतले आहेत. महसूल आणि शिक्षण विभागाने पूरग्रस्त गावांत शिबिरे घेऊन दुय्यम प्रती विनामूल्य द्याव्यात, ही मागणी प्रत्येक तालुक्यातून लेखी जायला हवी. अजून ती फारशी गेलेली नाही. आपली निवेदने अजूनही "भरीव मदत मिळावी" एवढ्यावरच थांबतात.

रोजगार हमीचेही तसेच. खरडून गेलेल्या जमिनीवर माती टाकण्यासाठी हेक्टरी तीन लाखांपर्यंतचे काम रोजगार हमीतून होणार, असे सरकारने जाहीर केले आहे. हा पैसा शेतकऱ्याच्या जमिनीसाठी आहे, पण तो मजुराच्या हातातून जायला हवा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. हे काम हातांनी झाले तर काढणीत बुडालेली मजुरी थोडी तरी भरून निघेल. जेसीबीने झाले आणि हजेरीपटावर नावे चढली, तर जमीन भरेल, वस्ती रिकामीच राहील. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना उभी राहिली आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला, तो मागेल त्याला काम देण्यासाठी. पण मागावे लागते, आणि लेखी मागावे लागते. कामाच्या मागणीचा नमुना ४ भरून त्याची तारखेची पोच घेतली नाही तर पंधरा दिवसांत काम आणि न मिळाल्यास बेकारी भत्ता हा हक्क कागदावरच राहतो. ऑक्टोबरभर आम्ही ज्या वस्त्यांमध्ये फिरलो, तिथे असा एकही अर्ज भरलेला नव्हता. मागणी नाही, म्हणून काम नाही, असे ग्रामपंचायत सांगते आणि त्यात तांत्रिकदृष्ट्या ती खोटे बोलत नाही.

पाणी आणि पूर हा विषय आपल्या चळवळीला परका वाटतो, याचे आम्हाला नवल वाटते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा सिंचन आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला पूर आला, बंधारा फुटला, कलकत्त्याचा रेल्वेमार्ग तुटला. त्यानंतर दामोदर खोऱ्याच्या योजनेची जी आखणी झाली, तिच्यासाठी ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात झालेल्या परिषदेचे अध्यक्ष बाबासाहेब होते. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला कटकमध्ये ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी जास्तीचे पाणी हे संकट मानणाऱ्या समजुतीलाच हात घातला. काठावर नुसते बांध घालण्यापेक्षा पाणी अडवून, साठवून ते सिंचनाला, विजेला, जलवाहतुकीला वापरावे, अशी त्यांची मांडणी होती. धरणे आणि खोरेनिहाय नियोजन हा आज जो जलनीतीचा पाया मानला जातो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. जयंतीच्या भाषणात आपण घटना सांगतो, धम्म सांगतो. हे सहसा सांगत नाही.

त्या वारशाच्या उजेडात एक साधा प्रश्न विचारता येतो. सीना-कोळेगावमधून पाणी सोडले, हे खालच्या वस्तीला कोणी, केव्हा, कसे सांगितले? ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटात संदेश आला होता, असे आम्हाला सांगण्यात आले. त्या गटात वस्तीतले किती जण आहेत? आम्ही विचारले त्या ठिकाणी दोघे होते, त्यातल्या एकाचा फोन बंद होता. रात्री विहाराच्या भोंग्यावरून एका मुलाने आपणहून ओरडून सांगितले आणि लोक उठले. इशारा देण्याची यंत्रणा एका मुलाच्या जागे असण्यावर टेकलेली होती. पाटबंधारे विभाग, तहसील आणि वस्तीतले विहार यांच्यात थेट फोनचा दुवा ठेवायला पैसा लागत नाही, कोणीतरी मागणी करावी लागते.

आता घाई आहे आणि तिचे कारण कारखाने आहेत. गाळप हंगाम सुरू झाला. मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयते घेऊन निघाल्या आहेत. यंदा मजुरी बुडाल्यामुळे एरवी न जाणारी घरेही निघाली. ती आता मार्च-एप्रिलमध्ये परततील. याद्यांवरच्या हरकती, फेरपंचनामे, खात्याची पडताळणी हे सगळे नेमके याच महिन्यांत होणार आणि घराला कुलूप दिसले की "लाभार्थी आढळून आला नाही" असा शेरा पडणार. म्हणून जाण्याआधी प्रत्येक कुटुंबाकडून अर्जावर सही, पडलेल्या घराचे तारखेसह फोटो, बँक खात्याचा तपशील आणि मागे राहणाऱ्या एखाद्या नातलगाच्या नावाचे संमतिपत्र घेऊन ठेवणे गरजेचे आहे. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अर्जात नवे पदनाम लिहा, जुन्या पदनामावरून अर्ज परत केल्याचेही आम्ही पाहिले आहे. ग्रामसभेत वगळलेल्या कुटुंबांची नावे वाचून ठराव घ्या, आणि त्या नावांत मातंग आणि पारधी कुटुंबांची नावे आहेत का ते तपासा.

येत्या चार रविवारी आम्ही माढा आणि परंडा तालुक्यांतल्या वस्त्यांमध्ये अर्ज भरायला बसणार आहोत. धान्य सध्या नको आहे. लॅपटॉप, प्रिंटर, कोऱ्या कागदांचे रिम आणि मराठी टायपिंग येणारी मुले-मुली हवी आहेत. पहिली बैठक विहारात सकाळी नऊला, कारण दहानंतर बायका कामाला जातात.